गोष्टीतले खेळणे आणि खेळण्यातली गोष्ट

मुलांस खेळणे घेऊन द्यावयाचे म्हटले म्हणजे सुशिक्षित कुटुंबात पहिला प्रश्न निघतो तो असा की, हे खेळणे नुसते करमणुकीचे आहे की त्यापासून काही शिक्षणही होते? दुसरा प्रश्न मूल स्वतःच सोडवून टाकते. कारण ज्या गोष्टीने त्याचे मन त्या महिन्यात व्यापलेले असेल, तिच्यातील वीर, राक्षस, माकड किंवा हत्ती यांखेरीज दुसरे काही त्यास नको असते. व्यापाऱ्यांनी ही दोन्ही सूत्रे नीट ओळखली आहेत. म्हणून दुकानांतून गोष्टींची चित्रे असलेले पत्ते, पट, ठोकळे आणि बाहुल्या यांचे ढीग लागलेले दिसतात, आणि प्रत्येकावर ‘शैक्षणिक’ ही मुद्रा उठविलेली असते. या ढिगातून निवड कशी करावी याविषयी पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रज्ञांची मते आपण नित्य वाचतो. परंतु हा प्रश्न आपल्याकडे नवा नव्हे. गोष्टीचे खेळणे करणे आणि खेळण्यातून गोष्ट सांगणे हा उद्योग महाराष्ट्रात पुष्कळ शतके चालत आलेला आहे. त्याचा इतिहास चाळला तर निवडीची एक कसोटीही त्यात सापडते, असे आम्हांस वाटते.

या इतिहासासाठी फार दूर जावयास नको. पूर्वी औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच जिल्ह्यात पैठण, आपेगाव, वेरूळ, अजिंठा आणि देवगिरी ही स्थळे आहेत, आणि यांपैकी प्रत्येकाने या विषयाचे एकेक प्रकरण आपल्यासाठी राखून ठेवले आहे. त्यांतील पहिले अर्थातच शालिवाहनाचे. गुढीपाडव्यास ही कथा घरोघर निघते. पैठणात कुंभाराच्या घरी वाढलेला एक मुलगा मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई करून खेळे. शत्रू चालून आला तेव्हा त्याने त्या मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडून त्यास सजीव केले व विक्रमाचा पराभव केला. इतिहासाच्या दृष्टीने या कथेत घोटाळा पुष्कळ आहे. इ. स. ७८ पासून मोजल्या जाणाऱ्या शकास शालिवाहनाचे नाव मागाहून जडले, हे संशोधकांनी केव्हाच दाखविले आहे. तथापि पैठण ही सातवाहनांची राजधानी होती याविषयी वाद नाही; आणि त्या काळी या प्रदेशात मातीच्या मूर्ती करण्याची कला फार पुढे गेलेली होती, याची साक्ष तेर येथील लामतुरे संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. दोन साच्यांतून काढून जोडलेल्या त्या पोकळ मूर्तींचा नाजूकपणा पाहिला म्हणजे मातीच्या सैन्याची कल्पना याच भागात का रुजली असेल, ते सांगावे लागत नाही.

या कथेचा एक जुना पाठ चौदाव्या शतकातील जैन पंडित जिनप्रभसूरी यांनी ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. त्यात दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. पहिली सातवाहन या नावाच्या व्युत्पत्तीची. हा मुलगा सोबत्यांत राजा होऊन खेळत असे आणि राजा या नात्याने मातीचे हत्ती, घोडे, रथ ही वाहने सवंगड्यांस देऊन टाकीत असे; देण्याच्या अर्थाचा जो संस्कृत धातू आहे त्यावरून लोक त्यास सातवाहन म्हणू लागले, असे सूरी सांगतात. भाषाशास्त्र ही व्युत्पत्ती मान्य करणार नाही. परंतु लोकांच्या कल्पनेस काय भावले हे तीवरून कळते. जो पुढे राजा व्हावयाचा तो लहानपणी खेळणी जमविणारा नसून वाटणारा होता, हे सांगण्यासाठी लोकांनी एका राजकुळाचे नावच वेगळ्या रीतीने उलगडले! खेळण्याची किंमत ते किती जणांच्या हातांत गेले यावर ठरते, हा विचार या कथेच्या पोटात आहे.

दुसरी गोष्ट चार घड्यांची. एका ब्राह्मणाने मरतेसमयी चार मुलांस सांगितले की, माझ्या खाटेच्या चार पायांखाली चार घडे पुरले आहेत, ते वडीलकीच्या क्रमाने घ्या. उकरून पाहता पहिल्यात सोने, दुसऱ्यात काळी माती, तिसऱ्यात भूस आणि चौथ्यात हाडे निघाली. धाकट्या तिघांस हा अन्याय वाटला आणि तंटा माजला. मोठमोठ्यांस न सुटलेला हा तंटा पैठणच्या या मुलाने सहज सोडविला. ज्याच्या वाट्यास सोने आले त्यास सोनेनाणे, काळी मातीवाल्यास शेते, भूस ज्यास मिळाले त्यास कोठारातील धान्य, आणि हाडे ज्यास मिळाली त्यास गाई, बैल, घोडे इत्यादी जनावरे. बापाने वाटणी बरोबर केली आहे, असा त्याचा निवाडा. वाचकहो, वस्तूवरून अर्थ काढावयास शिकविणारे याहून चांगले शैक्षणिक खेळणे कोणत्या कारखान्यातून आले आहे? घरातील चार डबे, चिमूटभर माती, थोडे भूस, एखादे नाणे आणि हाडाच्या ऐवजी पांढरा खडा एवढ्यावर ते उभे राहते. मुलास उत्तर आधी सांगू नये. तंटा सांगावा आणि निवाडा त्याच्याकडे सोपवावा.

पैठणहून वेरुळास जावे. तेथील रामेश्वर लेण्यात, म्हणजे एकविसाव्या क्रमांकाच्या गुहेत, शिव आणि पार्वती सारीपाट खेळत बसलेली कोरली आहेत. रावण की खाई आणि धुमार लेणे यांतही हाच प्रसंग आहे. सहाव्या-सातव्या शतकांतील हे शिल्प. देवाधिदेव आपल्या पत्नीशी डाव मांडून बसला आहे, आणि खाली नंदी व त्याच्या खोड्या काढणारे गण यांची गंमत चालली आहे. वडील माणसे वर गंभीरपणे फासे टाकीत आहेत व खाली पोरे जनावराला सतावीत आहेत, असा हा अगदी घरगुती देखावा शिल्पकाराने कैलासावर नेऊन बसविला. खेळ ही हलकी गोष्ट आहे असे समजणाऱ्यांस दगडात कोरलेले हे उत्तर आहे.

परंतु त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात, याच फाशांची उलट बाजू रंगविली आहे. तेथे विधुरपंडित जातकाची कथा आहे. नागराणीस विधुर या ज्ञानी अमात्याचे हृदय हवे होते; ते आणून देणाऱ्यास नागकन्या इरंदती मिळावयाची होती. तिच्या लोभाने पूर्णक नावाचा यक्ष कुरुराजाच्या सभेत गेला, त्याने राजास द्यूतात हरविले आणि पणास लागलेला विधुर जिंकून नेला. शेवटी विधुर आपल्या उपदेशाने सुटतो ही गोष्ट निराळी. पण एका डावात राजाने आपला सर्वांत शहाणा माणूस गमावला, हे चित्र पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. महाभारतातील द्यूतसभा तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. वेरूळ आणि अजिंठा या दोन लेण्यांमध्ये मिळून जुन्या लोकांची खेळाविषयीची द्विधा वृत्ती जशीच्या तशी उमटली आहे. तोच पट, त्याच सोंगट्या. एका घरी त्यांनी संसार रंगतो आणि दुसऱ्या घरी राज्य बुडते. साधनात गुणदोष नाहीत. त्याखाली कोणती गोष्ट मांडली आहे यावर सर्व अवलंबून आहे, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी पुढचे पाऊल टाकले.

ते पाऊल म्हणजे मोक्षपट होय. पैठणपासून जवळच गोदातीरी आपेगाव आहे. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे हे गाव. निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेस गेले म्हणजे मागे राहिलेल्या सोपान-मुक्ताईंचे मन रमावे म्हणून हा खेळ रचला गेला, अशी आख्यायिका आहे. ज्ञानेश्वरांचा काळ १२७५ ते १२९६ हा. आणि अशा प्रकारचे जे जुने पट उपलब्ध आहेत ते बहुतेक अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतले. तेव्हा कर्तृत्वाची ही गोष्ट परंपरेची म्हणूनच घ्यावी हे बरे. मात्र हा खेळ एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. उत्तरेत तो ज्ञानचौपड म्हणून, तर तमिळ देशात परमपदसोपान म्हणून प्रसिद्ध होता; वैष्णवांच्या एका प्रसिद्ध पटात बहात्तर आणि जैनांच्या पटात चौऱ्याऐंशी घरे असत. कोपनहेगन विद्यापीठातील जेकब श्मिट-मॅडसेन या डॅनिश अभ्यासकाने पश्चिम भारतातील या पटांवर २०१९ मध्ये प्रबंध लिहिला आणि मराठी मोक्षपटांचाही त्यात विचार केला. आपल्या आजीच्या ट्रंकेतील कापडी पटावर सातासमुद्रांपलीकडे प्रबंध होतो, ही गोष्ट आम्हांस अभिमानाइतकीच विचार करावयासही लावते.

मोक्षपटाची रचना कोणासही ठाऊक आहे असे वाटते, कारण सापशिडी सर्वांनी खेळलेली असते. पण सापशिडीत जे उरले नाही तेच मोक्षपटात मुख्य होते. तेथे घरास नुसता आकडा नसे, नाव असे. काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर यांच्या घरी साप. दया, सत्संग, भक्ती यांच्या घरी शिडी. आणि शेवटी वैकुंठ किंवा मोक्ष. कवडी कशी पडेल ते खेळणाराच्या हाती नाही, परंतु आपण कोठे घसरलो ते त्यास प्रत्येक वेळी वाचावे लागे. मत्सराच्या घरी आलेल्या मुलास घरातील कोणी तरी विचारावयाचेच, ‘का रे, कोणाचा मत्सर केलास?’ आणि मग त्या निमित्ताने दुर्योधनाची गोष्ट निघावयाची. पटावरील प्रत्येक घर हे एकेका कथेचे दार होते. साप पुष्कळ आणि शिड्या थोड्या, ही त्या पटांची आणखी एक खूण. वर जाणे कठीण व खाली येणे सोपे, हा संसाराचा अनुभव त्यांनी मुलांपासून लपविला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. तेथे प्रथम त्यावर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशी त्या समाजास मानवणारी नावे आली. साप आणि शिड्या यांची संख्या सारखी होऊ लागली. आणि पुढे पुढे नावे पुसली जाऊन केवळ आकडे राहिले. १९४३ मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या कंपनीने साप काढून टाकून घसरगुंड्या घातल्या, पण मुलांच्या बऱ्यावाईट कृत्यांची चित्रे घातली; म्हणजे निघून गेलेला अर्थ थोडासा परत आणला. आपल्याकडे मात्र विलायतेहून फिरून आलेली आकड्यांची सापशिडी आपण घेतली आणि घरचा मोक्षपट ट्रंकेत ठेवला. एक ते शंभर आकडे त्यावर शिकता येतात हे खरे. तेवढ्यापुरती ती शैक्षणिक आहेच. पण गोष्ट गेल्यावर खेळाचे काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळावयाचे नाही. खेळ राहतो, पण त्यास बोलता येत नाही. पैठणच्या नागघाटावर रेड्याची मूर्ती आहे. ज्ञानदेवांनी रेड्यास बोलते केले ही कथा ती पाहून मुलांस सांगतात. बोलका पट मुका करण्याची करामत मात्र आपल्या हातून झाली.

पैठणचेच दुसरे थोर पुरुष एकनाथ महाराज. त्यांनी हेच काम उलट बाजूने केले. ज्ञानेश्वरांच्या नावावर असलेल्या पटात विचारापासून खेळ निघाला. नाथांनी भारुडांत चालू खेळापासून विचार काढला. फुगडी, पिंगा, हुतूतू हे गल्लीत रोज चाललेले खेळ त्यांनी उचलले व त्यांचे रूपक करून पारमार्थिक अर्थ सांगितला. यात एक मर्म आहे. नाथांनी मुलांचा खेळ थांबवून कीर्तन सुरू केले नाही. फुगडी ही फुगडीच राहिली, गिरकी तीच राहिली, आणि अर्थ त्या गिरकीतूनच आला. जो अर्थ खेळाच्या हालचालीतून निघत नाही, वरून चिकटविलेला असतो, तो मुलास लगेच ओळखू येतो आणि ते खेळणे दोन दिवसांत कोपऱ्यात पडते.

पैठणचे नाव आणखी एका परंपरेस लाभले आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठण शैलीची म्हणून ओळखली जाणारी जी कथाचित्रे आहेत, ती चित्रकथी लोकांची. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवावयाची, गोष्ट सांगता सांगता एक बाजू दाखवावयाची आणि प्रसंग बदलला की उलटावयाचे. रामायणातील आणि लोकप्रिय आख्यानांतील प्रसंग अशा रीतीने गावोगाव जात. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने ही कला कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या यांच्यासह जिवंत ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. या चित्रांपासून घेण्यासारखा धडा असा की, चित्र कधीही एकटे नसे. त्यास हात उलटणारा आणि तोंड बोलणारे असे. आजची चित्रे स्वतःच हलतात व स्वतःच बोलतात. त्यामुळे मुलाच्या हातास आणि आजीच्या तोंडास काम उरत नाही.

सिंधुदुर्गाकडे वळलोच आहोत तर सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा उल्लेख टाळता यावयाचा नाही. गंजिफा हा मुळात मोगलांबरोबर आलेला खेळ. बाबराने १५२७ मध्ये आपल्या एका स्नेह्यास गंजिफांचे पत्ते पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या चित्रकारांनी त्यास दशावतारांची गोष्ट दिली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते. एक राजा, एक प्रधान व दहा संख्येचे, मिळून एकशे वीस. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू, रामाचा बाण अशा खुणांवरून रंग ओळखावयाचा. पाच अवतारांच्या रंगांत मोठी संख्या श्रेष्ठ आणि उरलेल्या पाचांत लहान संख्या श्रेष्ठ, त्यामुळे बुद्धीस चांगला व्यायाम. पण खरी खुबी पुढेच आहे. दिवसा खेळावयास बसले तर डावाची सुरुवात रामाने व्हावयाची आणि रात्री बसले तर कृष्णाने! राम माध्यान्ही जन्मला व कृष्ण मध्यरात्री, हे ज्या मुलास ठाऊक आहे त्यास हा नियम पाठ करावा लागत नाही. येथे गोष्ट पत्त्यावरच्या चित्रात थांबली नाही. ती खेळाच्या नियमात उतरली. विसाव्या शतकाच्या मध्यास ही कला जवळजवळ बुडाली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती जुन्या कारागिरांकडून शिकून घेतली, इतरांस शिकविली आणि १९७१ मध्ये लाखकामाची संस्था उभी केली, म्हणून आज ती दृष्टीस पडते. तरीही दुःख असे की, गंजिफा पुष्कळ घरांत भिंतीवर चौकटीत जाऊन बसतात. डाव मांडणारे थोडे.

आता आधुनिक शिक्षणशास्त्राकडे पाहू. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाचा आरंभ केला आणि लोकरीचा चेंडू, लाकडी गोल, घन व नळकांडे या वस्तूंस मुलांच्या ‘देणग्या’ म्हटले. मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ मध्ये रोम येथे बालगृह उघडले. त्या १९३९ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि युद्धकाळात येथेच राहिल्या. त्यांच्या साधनांचा उपयोग निर्विवाद आहे. परंतु अगदी लहान मुलांस अद्भुत कथा सांगण्याविषयी त्या साशंक होत्या. त्या वयात मुलास प्रत्यक्ष सृष्टी द्यावी, कल्पित नको, असा त्यांचा कटाक्ष. भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून त्यांचीच पद्धती चालविणारे गिजुभाई बधेका मात्र कथेवाचून बालशिक्षण मानावयास तयार नव्हते. त्यांनी कथाकथनाचे शास्त्रच लिहिले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस व १९५७ मध्ये कोसबाडास काम नेले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, खडे, बिया, पाने ही गावात मिळणारी साधने वापरली. गिजुभाईंनी साधनास गोष्टीची जोड दिली आणि ताराबाईंनी त्यास गावची माती दिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शालिवाहनाच्या कुंभारवाड्यापासून कोसबाडच्या टेकडीपर्यंतचे अंतर दिसते तितके मोठे नाही.

या सर्व इतिहासातून निघणारी कसोटी एका वाक्यात सांगता येते. गोष्टीतील पात्राचे चित्र खेळण्यावर आहे की नाही हे पाहू नये. गोष्टीत जी क्रिया मुख्य आहे ती करण्याची संधी ते खेळणे मुलास देते की नाही, हे पाहावे. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट मुलास आवडते; तर कावळ्याची सुबक बाहुली घेऊन त्यास काय लाभ? उभट भांडे, अर्धे पाणी आणि मूठभर खडे त्याच्या पुढे ठेवावेत. पाणी कसे चढते ते तो स्वतः पाहील, खडे कमी पडले तर मोजील, आणि मोठे खडे व लहान खडे यांतील फरक त्याचा त्यास कळेल. काऊचे घर शेणाचे आणि चिऊचे घर मेणाचे, ही गोष्ट तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाची पहिली कथा. मातीचे एक, काड्यांचे एक व मेणाचे एक अशी घरे त्याने करावीत आणि वरून पाऊस पाडावा. कोणते टिकते आणि का, हे तेथेच समजते. आणि घर वाहून गेलेल्या कावळ्यास दार उघडावे की नाही, हा प्रश्नही त्याच वेळी निघतो. तो निघाला की आईबापांनी उत्तर देण्याची घाई करू नये.

मोठ्या मुलांस दिवाळीचा किल्ला आहे. मातीचा गड, अळिवाची हिरवळ, मावळे आणि शिखरावर शिवाजी महाराज, हा महाराष्ट्रातील मुलांचा सर्वांत मोठा स्वनिर्मित खेळ. आमची सूचना एवढीच की, संभाजीनगरच्या परिसरातील मुलांनी एखाद्या वर्षी देवगिरी करून पाहावा. तासलेला कडा, भोवतालचा खंदक व आतील अंधारी वाट ही सर्व मातीत करता येतात, आणि ती करताना हा गड अभेद्य का समजला जाई ते हातांस कळते. मग १२९६ ची गोष्ट सांगावी. अल्लाउद्दिन चालून आला तेव्हा घाईने गडावर चढविलेल्या पोत्यांत धान्याच्या ऐवजी मीठ निघाले आणि रामदेवरायास शरण जावे लागले, असे फिरिश्ता या बखरकाराने लिहिले आहे. मुलांनी गडावर पोतीही ठेवावीत, आणि ती भरताना आत काय आहे ते उघडून पाहावे. कडा कितीही उंच असो, कोठार तपासले नाही तर उपयोग नाही, हा राजनीतीचा धडा दहा वर्षांच्या मुलास चिमुकल्या चिंधीच्या पोत्यांनी शिकविता येतो.

कोणी म्हणेल, ही सर्व उठाठेव आईबापांस वेळ असेल तेव्हाची. आज दोघेही कामास जातात आणि आजीही दूर गावी असते. ही अडचण खोटी नव्हे. परंतु विकत घ्यावयाच्या खेळण्यासही हीच कसोटी लागते, आणि ती लावावयास दुकानात दोन मिनिटे पुरतात. या पेटीत मुलाने काय करावयाचे आहे? ते आणि गोष्टीतील काम एक आहे का? तिच्यात मुलाने भर घालावी अशी काही जागा मोकळी आहे का? दुसऱ्या मुलावाचून ती खेळता येत नसेल तर उत्तमच, कारण मग वाटून घेणे आलेच. या प्रश्नांस होकार आला तर पेटी दोन रुपयांची असो की दोन हजारांची, ती अवश्य घ्यावी. नकार आला तर तिच्यावर प्रत्यक्ष मारुतीचे चित्र असले तरी ती केवळ रंगीत पुठ्ठा आहे.

किमतीचा प्रश्न निघालाच आहे तर शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चे स्मरण होते. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीच्या गाडीसाठी हट्ट धरीत नाही, सोन्याच्याच गाडीसाठी रडतो; आणि वसंतसेना आपले दागिने काढून त्याच्या मातीच्या गाडीत भरते. पुढे याच दागिन्यांनी केवढा अनर्थ ओढवला हे नाटक वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. मूल सोन्याची गाडी मागणारच. तो त्याचा दोष नव्हे, शेजारी ती असते हे कारण आहे. पण मातीच्या गाडीत काय भरावयाचे हे वडील माणसांच्या हाती असते. जुन्या पैठणने तीत एक अख्खे सैन्य भरले, एका निवाड्याचे शहाणपण भरले, मोक्षापर्यंतची वाट भरली; आणि हे सर्व माती, कवड्या व कापडाचा तुकडा एवढ्यावर केले. आपली मुले ज्या गोष्टींवर आज प्रेम करतात त्यांत कदाचित शालिवाहन नसेल, दूर देशीचा कोणी वीर असेल. त्यास विरोध करण्याचे कारण नाही. तो वीर काय करतो ते मुलास विचारावे आणि तेच करावयास त्याच्या हातांत काही तरी द्यावे. मातीच्या सैन्यावर पाणी शिंपडणे ते हेच.